वरणभात, झोप, दूध, दिवा, मग आई

फेब्रुवारीतली दुपार. शाळेची व्हॅन येऊन गेली होती, हातपाय धुऊन माझ्या पाळणाघरातली मुलं जेवायला बसत होती आणि चिऊच्या हातातला लाल कागदाचा बदाम काही सुटत नव्हता. (मुलांची खरी नावं मी इथे लिहीत नाही. ही चिऊ, पाच वर्षांची, मोठ्या शिशूत आहे.) बदामाच्या पाठीमागे शाळेतल्या बाईंनी लिहून दिलं होतं, 'प्रेम म्हणजे काय? घरी विचारून या.'

"काकू, सांग ना. प्रेम म्हणजे काय?"

माझ्या हातात वरणाची पळी. मला चटकन काही सुचेना. पहिलीतला एक मुलगा म्हणाला, "ते लग्नात असतं." त्याच्या शेजारची म्हणाली, "पापी." सगळी खिदळली. वाढता वाढता मी चिऊलाच विचारलं, "तुझ्या आईचं तुझ्यावर प्रेम आहे, हे तुला कसं कळतं गं?"

तिनं विचारसुद्धा केला नाही. म्हणाली, "ती येते."

एवढं बोलून तिनं बदाम मांडीखाली ठेवला आणि लिंबाची फोड चोखायला घेतली.

माझं लक्ष मात्र त्या क्षणी ओळीच्या टोकाला बसलेल्या एका मुलाकडे गेलं. दुसरीत आहे तो. त्याला इथे दादा म्हणते, कारण धाकटी सगळी त्याला तेच म्हणतात. त्याच्याकडेच का, ते पुढे लिहिते. आधी मला त्या 'ती येते'बद्दल लिहायचं आहे. इतकी वर्षं मी हे काम करते आहे, पण त्याचं इतकं नेमकं वर्णन मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं पाळणाघर ठाण्याला नौपाड्यात आहे, एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर. स्टेशनवरून चालत बारा मिनिटं. २००४ च्या जूनमध्ये सुरू केलं, तेव्हा माझी स्वतःची मुलगी चार वर्षांची होती. त्याच वर्षी ठाणे-वाशी गाडी सुरू झाली. आधी माझ्याकडच्या आया सगळ्या दादर-सीएसटीवाल्या असायच्या, हळूहळू ऐरोली, महापे, तुर्भ्याकडे जाणाऱ्या वाढल्या. माझ्या दाराची घंटा आजही लोकलच्या वेळापत्रकावर वाजते. सात वाजून गेले की एकामागोमाग तीन घंटा, मग पंधरा-वीस मिनिटं शांत, मग पुन्हा. पोरांना गाड्या कळत नाहीत, पण घंटा कुणाची ते कळतं. चिऊची आई बटण जेमतेम दाबून सोडते. एका मुलाचे आजोबा घंटेला हात लावत नाहीत, कडी वाजवतात. एक बाबा दोनदा वाजवतो, आणि दुसरी वाजायच्या आत त्याची मुलगी दाराशी असते.

नवीन मूल येतं तेव्हा आई-बाबांना मी एक अट घालते. नजर चुकवून जायचं नाही. मूल रडेल, तुमच्या पायाला मिठी मारेल, तुमची आठ-सतराची गाडी चुकेल, तरी सांगून जायचं. ही अट मी सुरुवातीला घालत नव्हते. सगळेच जसं करतात तसंच आमच्याकडेही चालायचं. मी मुलाला खेळण्यात गुंतवायची, आणि आई चप्पल हातात घेऊन हळूच बाहेर.

मग एक अडीच वर्षांची मुलगी आली. तिचा बाबा सोडायला यायचा. पहिल्या दिवशी तिनं ठोकळ्यांचा मनोरा रचला, वर ठेवायला निळा ठोकळा घेतला आणि तो दाखवायला मागे वळली. बाबा नव्हता. ती रडली नाही. ठोकळा तसाच धरून दाराकडे बघत राहिली. पुढचे कितीतरी दिवस तिनं दाराकडे पाठ केली नाही. जेवताना दाराकडे तोंड, खेळताना दाराकडे तोंड, झोप आली तरी मान दाराकडे. खेळात रमलं की माणूस नाहीसं होतं, असं ती शिकली होती, आणि ते आम्ही शिकवलं होतं. मी आणि तिच्या बाबानं मिळून. ते निस्तरायला महिना गेला. त्या महिन्यात त्यानं रोज दारात उकिडवं बसून तिच्या डोळ्यांत बघून "मी ऑफिसला जातो, दिवा लावला की येतो" असं सांगितलं, आणि रोज तो दिवा लावल्यावर आला. महिन्याअखेरीस एकदा तिनं दाराकडे पाठ करून बाहुलीचे केस विंचरले. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

'दिवा लावला की' हे आमचं घड्याळ. तीन वर्षांच्या मुलाला 'सात वाजता' सांगून काही उपयोग नाही, आणि 'आत्ता येते', 'दोन मिनिटांत आले' हे तर सरळ खोटं. मूल दोन मिनिटं मोजत नाही, पण दोन मिनिटांत कुणी आलं नाही हे त्याला नक्की कळतं. त्याच्या दिवसात ज्या गोष्टी घडतात त्याच त्याचे तास. म्हणून आमच्याकडे सकाळी दारातच सांगायचं. वरणभात, झोप, दूध, दिवा, मग आई. बोटांवर सांगायचं, अंगठ्यापासून सुरू केलं की करंगळीला आई येते. रडत आलेलं मूल दुपारी जेवताना अंगठा मिटतं आणि बाकीची चार बोटं मला दाखवतं. इतकं उरलं, असं.

हे मला कोसबाडला सुचलं. बालवाडीचा कोर्स करत होते तेव्हा आमच्या बाई आम्हाला तिकडे घेऊन गेल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. हे सगळं तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. आज आपण अंगणवाडी हा शब्द सहज वापरतो, पण त्यात अंगण मुलाचं आहे आणि चालत गेलेली आहे ती बाई. मूल प्रेमाबद्दल काही विचारतं तेव्हा मी हेच करायचा प्रयत्न करते. आपल्या दिवाणखान्यात त्याला बोलवत बसायचं नाही, त्याच्या अंगणात जायचं. तिथे वरणभात असतो, गोधडी असते, घंटा असते.

गोधडीचं सांगते. प्रत्येक आईकडून मी एक जुनी साडी किंवा ओढणी मागून घेते. धुतलेली नको, दोन दिवस वापरलेली द्या म्हणते. काही जणींना लाज वाटते. पण दुपारी ती मुलाच्या गोधडीवर अंथरली की मूल तोंड खुपसून झोपतं. एका मुलाची ओढणी चुकून दुसऱ्याला गेली तर दोघंही झोपत नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं माकडाच्या पिल्लांवर प्रयोग केले होते. १९५८ मध्ये प्रेमाचं स्वरूप या विषयावर त्यानं भाषण दिलं, त्यात ते मांडले. आईपासून तोडलेल्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या. एक नुसत्या तारेची, तिला दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे काहीच नाही. पिल्लं तारेच्या आईकडे दूध पिण्यापुरती जायची आणि दिवसभर कापडाच्या आईला बिलगून बसायची. ती पिल्लं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत, आणि त्यांच्यावर हे करायला नको होतं असंच मला वाटतं. पण तोवर तिकडचे मोठे मोठे लोक सांगत होते की मूल आईला चिकटतं ते दुधासाठी, फार कुरवाळू नका, लाडावतं. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून त्यात नातवंडं गुंडाळत होत्या. त्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही.

आता २६ जुलैची रात्र. २००५. मंगळवार होता.

दुपारी दोनपासून पाऊस असा की समोरची इमारत दिसेना. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की दिवे गेलेत, गाड्या बंद आहेत आणि फोन लागत नाहीत. माझ्याकडे अकरा मुलं होती. जवळपास राहणाऱ्यांचे आजी-आजोबा, बाबा, शेजारी येऊन सात जणांना घेऊन गेले. चार उरली. माझी मुलगी धरून पाच. माझा नवरा भांडुपच्या कंपनीत, त्याचाही पत्ता नव्हता. घरात मी आणि सासूबाई.

त्या चारांत एक तीन वर्षांचा होता, त्याला छोटू म्हणूया. त्याची आई दादरला नोकरीला. आभाळ इतकं काळं झालं होतं की सासूबाईंनी साडेचारलाच देवापुढे दिवा लावला. छोटू उठला, चप्पल घातली, डबा गळ्यात अडकवला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. त्याच्या हिशेबानं वरणभात झाला होता, झोप झाली होती, दूध झालं होतं, दिवा लागला होता. करंगळी उरली होती.

मी त्याला सांगितलं, "खूप पाऊस आहे. गाडी बंद पडली आहे. आई चालत येते आहे. उशीर होणार." किती उशीर ते मला माहीत नव्हतं, म्हणून ते सांगितलं नाही. ती चालत येते आहे हेही मला माहीत नव्हतं, पण तिला ओळखत होते.

तो तासभर उभा राहिला. मी उचलायला गेले तर अंग ताठ करायचा. मग साडेआठच्या सुमारास तो स्वयंपाकघरात आला, माझ्या साडीला धरून म्हणाला, "काकू, परत वरणभात कर."

मला वाटलं भूक लागली. वाटीत थोडा भात होता तो दिला. "नको. सगळा परत कर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला घड्याळ पुन्हा लावायचं होतं. कुठेतरी चुकलंय, तर पहिल्यापासून सुरू करू, म्हणजे शेवटी आई येईल.

सासूबाईंनी काही न बोलता कुकर धुवायला घेतला. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही पुन्हा डाळ-तांदूळ लावले. पाचही जण पुन्हा जेवायला बसले. साजूक तूप, मीठ, लिंबू, सगळं जसं दुपारी होतं तसं. छोटूनं सगळा भात खाल्ला, एक शीत ठेवलं नाही. मग आपणहून गोधडीवर जाऊन आईच्या ओढणीत तोंड घालून झोपला. अंगठा मिटला, एक बोट मिटलं. रात्री दोनला नवरा आला, छातीपर्यंत भिजलेला. त्यानं पाचही मुलं मोजली आणि खाली बसला.

छोटूची आई सकाळी साडेसहाला आली. सायनला कमरेइतक्या पाण्यातून आली होती, विक्रोळीत एका अनोळखी घरानं काही तास आसरा आणि चहा दिला होता, पहाटे पुन्हा निघाली होती. पायात चप्पल नव्हती. छोटू दूध पीत होता. तिनं हात पुढे केले, आणि त्यानं तोंड फिरवलं. ती जवळ बसली तर दोन्ही मुठींनी तिला मारायला लागला. तिच्या मांडीवर, पोटावर, हातावर. ती बिचारी रडायला लागली. म्हणाली, "काकू, मला विसरला की काय हा एका रात्रीत?"

मी म्हटलं, "विसरला असता तर कशाला मारलं असतं?"

हे मी तेव्हा अंदाजानं बोलले. पुढे वाचलं की मेरी एन्सवर्थ नावाच्या अभ्यासक बाईंनी बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या मुलांचं याच बाबतीत निरीक्षण केलं होतं. आईला काही मिनिटं खोलीबाहेर पाठवायचं आणि परत बोलवायचं. आई गेल्यावर मूल किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर त्यानं काय केलं, याकडे त्यांचं जास्त लक्ष होतं. कुणी धावत जायचं, कुणी बिलगायचं आणि त्याच वेळी ढकलायचं. आमच्या दारात हे रोज संध्याकाळी दिसतं. दिवसभर शहाण्यासारखं राहिलेलं मूल आईला बघून भोकाड पसरतं, बूट फेकतं. आईला वाटतं, माझ्याशीच का असं? कारण तुझ्यापाशीच ते करता येतं गं बाई. दिवसभर धरून ठेवलेलं तुझ्यापाशी सोडायचं असतं.

म्हणून मुलांशी प्रेमाबद्दल बोलताना मी राग सोडून बोलत नाही. "आई रागावली तरी तिची माया जात नाही. तू रागावलास तरी तुझी जात नाही." हे वाक्य मी महिन्यातून कितीदा बोलत असेन, मोजलेलं नाही. घरोघरी मुलांच्या कानावर याच्या बरोबर उलटं पडत असतं. 'असं केलंस तर मी तुझी आई नाही.' 'जा, मी नाही बोलणार तुझ्याशी.' 'घर सोडून निघून जाईन हां मी.' आणि आपल्याकडचं ते खास, 'तुला बोहारणीकडून भांड्यावर घेतलंय, तिलाच परत देऊन टाकते.' हे सगळे हसत हसत म्हणतात. मलाही लहानपणी म्हटलेलं आहे.

आमच्या गल्लीत बोहारीण अजून येते. डोक्यावर टोपली, तीत स्टीलची भांडी, आणि तो लांबलचक हेल. माझ्याकडे एक चार वर्षांची मुलगी होती. ती हाक ऐकू आली की नाहीशी व्हायची. पहिल्यांदा मी घरभर शोधली, तर पलंगाखाली भिंतीला चिकटून, स्वतःच्या तोंडावर हात दाबून. बाहेर यायला अर्धा तास लागला. खूप दिवसांनी तिनं मला विचारलं, "काकू, मी किती भांड्यांची आहे?"

तिच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पायरीवरच बसली. तिला आठवतही नव्हतं कधी म्हटलं ते. त्या रात्री घरी तिनं मुलीला ती जन्मली तो दिवस सांगितला. कुठलं हॉस्पिटल, किती वाजता, बाहेर कोण कोण बसलं होतं, बाबानं पेढे कुठून आणले, आजीनं बोटं मोडून दृष्ट कशी काढली. मुलगी पुढे महिनाभर रोज तीच गोष्ट मागत होती. सगळ्यांना सांगते, ही गोष्ट मुलांना सांगा. 'आमचं तुझ्यावर प्रेम आहे' या वाक्यापेक्षा ती त्यांना जास्त कळते.

त्या वाक्याचंही एक आहे. प्रेम हा शब्द आपल्या घरांत फारसा बोलला जात नाही. तो पडद्यावरचा आणि पत्रिकेतला. घरात माया असते, जीव असतो, लळा असतो, लाड असतात. 'फार जीव लावते हो पोरांना.' 'त्याला आजोबांचा लळा आहे.' 'जीव टांगणीला लागला होता माझा.' मुलांना विचारा, लळा म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळतं, कारण तो मांजरीच्या पिल्लालाही लागतो आणि पलीकडच्या काकांनाही. शाळेनं प्रेमाचा अर्थ विचारला तर विचारू दे. आपण घरात हे शब्द बोलत राहावं, बोलता बोलता बोट दाखवावं. ही बघ, याला माया म्हणतात.

आता दादा.

त्याचे बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेले. तो तेव्हा साडेतीन वर्षांचा. पाळणाघर त्या काळात बंद होतं. दिवाळीनंतर पुन्हा उघडलं तेव्हा तो माझ्याकडे आला. सांगून न गेलेला बाबा, आणि पुन्हा कधीच न आलेला. आईनं सकाळी दारात बोटांवर सगळं सांगितलं, तो ऐकून घ्यायचा, वरणभात खायचा. पण दुपारी गोधडीवर आडवाच व्हायचा नाही. बसून राहायचा. डोळे मिटायला लागले की उठून उभा राहायचा.

चौथ्या दिवशी त्यानं शेजारच्या मुलीला विचारलेलं माझ्या कानावर पडलं. "तू झोपलीस की परत उठतेस ना?"

घरात कुणीतरी त्याला सांगितलं होतं, बाबा झोपले. दुसऱ्या कुणी सांगितलं, देवाघरी गेले. तिसऱ्यानं रात्री गच्चीवर नेऊन तारा दाखवला. सगळ्यांनी मायेपोटीच केलं. पण चार वर्षांच्या मुलानं तीन उत्तरांतलं एक निवडलं, आणि ते झोपेचं निघालं.

त्याच्या आईला मी एक दिवस लवकर यायला सांगितलं. दुपारी सगळी झोपलेली असताना आम्ही तिघं खाली बसलो. आईनं सांगितलं, आवाज कापत होता तरी सांगितलं, "बाबा खूप आजारी होता. त्याचं शरीर बंद पडलं. आता त्याला श्वास नाही, भूक नाही, दुखत नाही. तो झोपलेला नाही." मी दादाचा हात धरून शेजारी झोपलेल्या मुलीच्या पोटावर ठेवला. पोट वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं. त्यानं बराच वेळ हात काढला नाही. मग आईच्या पोटावर ठेवला, मग स्वतःच्या.

झोप त्या आठवड्यात लागायला लागली. पण पुढे काही महिन्यांनी, संध्याकाळी घंटा वाजत होत्या, एकेक मूल जात होतं, तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांचे बाबा येतात. माझा येत नाही. त्याचं माझ्यावर प्रेम नाही का?"

मी इतकी वर्षं पोरांना 'येतात' शिकवत आले होते. दिवा लागला की येतात. पाऊस असला तरी येतात. आता या मुलाला काय सांगायचं? मी त्याच्याजवळ बसले आणि जे सुचलं ते म्हटलं, "तो येत नाही असं नाही रे. तो येऊ शकत नाही. यायचं असतंच त्याला. शरीर नाही ना, म्हणून येऊ शकत नाही."

त्यानं मला पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून बघितलं. येऊ शकत नाही. पुढचे किती दिवस तो हा शब्द तपासत होता. "काकू, मी दुधी खात नाही. पण खाऊ शकतो." "ती माझ्याशी खेळत नाही. खेळू शकते पण." एवढासा शब्द, 'शकणे'. मी पन्नास वर्षं तो वापरला, पण त्यात किती जागा आहे ते मला त्यानं दाखवलं.

त्याच वेळी बाबाच्या आठवणी एकेक करून बाहेर आल्या. फार नव्हत्या, साडेतीन वर्षांच्या मुलाकडे किती असणार. बाबाच्या स्कूटरचा रंग. तलावपाळीला बाबाच्या खांद्यावर बसून बघितलेले दिवे. आणि विहीर. बाबा जेवायला वाढायचा तेव्हा भाताच्या मुदीत अंगठ्यानं खळगा करायचा, त्यात वरण ओतायचा, म्हणजे ते ताटभर पसरत नाही. ते दोघं त्याला विहीर म्हणायचे. तेव्हापासून दादाच्या ताटात विहीर असते. तो स्वतः करतो, मी वरण घालते. त्याला विचारल्याशिवाय मी कधी त्याच्या भातावर वरण घातलेलं नाही.

तर त्या फेब्रुवारीतल्या दुपारी चिऊ म्हणाली, "ती येते," आणि मी पळी हातात धरून दादाकडे बघत राहिले.

तो जेवत होता. घास गिळला, चिऊकडे बघून म्हणाला, "सगळे येऊ शकत नाहीत."

"कोण?"

"माझा बाबा."

"मग?" चिऊनं विचारलं. पाच वर्षांची आहे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दादानं तिच्या ताटाकडे पाहिलं. वरण पसरत पसरत कोशिंबिरीपर्यंत पोचलं होतं. त्यानं ताट आपल्याकडे ओढलं, कोरडा भात मध्ये गोळा केला, अंगठ्यानं मधोमध खळगा केला, कडा नीट दाबून घेतल्या आणि ताट मागे सरकवलं.

"आता घाल," तो मला म्हणाला.

मी घातलं.